उमेशचा टायर

देशमान्यांच्या घरचं प्रत्येक भाडं आजवर दौलतच्या गाडीला मिळायचं. आज मात्र त्यांचं वऱ्हाड उमेशच्या सतरा सीटर गाडीत दाटीवाटीनं बसत होतं. टपावर रुखवताचं सामानही चढलं होतं. उमेशनं जुनीच गाडी रंगवून घेतली होती आणि अख्खं गाव तिच्यावर भाळलं होतं.

जळफळत बघणाऱ्या दौलतला मागच्या टायरवर आलेला फुगा दिसला. घाटात तो फुटला, तर एवढी भरलेली गाडी उलटणारच. ‘होऊ दे फजिती,’ असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली.

तो गाडीला आडवा गेला. "उमेश, टायर बदल. माणसंही कमी कर."

"भाडं गेलं म्हणून जळता होय, दौलतदा?" उमेश सगळ्यांदेखत हसला.

"जळतोय. सकाळपासून घास उतरला नाही. तरी खाली उतरून बघ."

उमेशनं टायरवरून हात फिरवला आणि काही जणांना दौलतच्या गाडीत बसायला सांगितलं.

टायर बदलून गाडी निघाली. तरुण मंडळी तिच्यातच गाणी म्हणत होती. दौलतच्या वाट्याला डुलक्या घेणारी म्हातारी माणसं आली. मागून घाट चढताना तो अजून जळतच होता.