पानगळीचा चार्ट

समीक्षाच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेनं पानगळीचा चार्ट करून आणायला सांगितला. तिची आई, राजमतीवहिनी, माळ्यावरून नणंदेच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन खाली आली. "स्नेहल, लग्न मोडलं ते मोडलं. कागद भारी हाय, पडून कशाला ठेवायचा?"

स्नेहलनं महावीरांची चित्रं तेवढी जपून बाजूला काढली आणि स्वतःच्या नावावरून कात्री चालवली. भाचीला जवळ घेऊन तिनं लालचुटूक पानं कापली, झाडाखाली गळून पडल्यासारखी चिकटवली. समीक्षाचा डबा, वेण्या, अभ्यास, सगळं तीच बघायची. "तू सासरी गेलीस की माझं कसं व्हायचं गं?" वहिनी हसत म्हणायची.

दिवाळीनंतर जयसिंगपूरचे पाहुणे स्नेहलला बघायला आले. मोडलेल्या लग्नाचा विषय त्यांच्यापुढं काढायचा नाही, असं घरात ठरलं होतं. शाळेतून परत आलेला चार्ट समोरच्याच भिंतीवर लावलेला.

मुलाची आई कौतुकानं म्हणाली, "पानं किती झकास केल्यात! एवढा भारी कागद कुठनं आणलास गं पोरी?"

"आत्याच्या लग्नाच्या पत्रिका हायत. लग्न मोडलं न्हवं का, मग सगळ्या मलाच मिळाल्या," समीक्षा म्हणाली. "तुमच्या पिवळ्या छापा की. पिवळी पानं कमी पडल्यात."

पोह्यांच्या बशा तशाच ठेवून पाहुणे उठले.



ते जिना उतरले तशी समीक्षा आईला बिलगली. "तू शिकवलंतंस तस्संच बोललो न्हवं? पिवळ्या पानांचं तेवढं माझ्या मनानं घातलं."