देवकाबाईचं बिट

मँगनीजच्या खाणीत, तीनशे मीटर खाली, साहेबांनी देवकाबाईच्या ड्रिलचं बिट, म्हणजे खडक भेदणारं दातेरी टोक, तपासायला घेतलं. झिजलेले दात पुन्हा उगवणारी ही बिटं. तरी बाकीच्यांची दोन वर्षांतच भंगारात गेली होती. हेही गेलं, तर देवकाबाईला ड्रिल सोडून ढिगारा उपसायला जावं लागणार होतं.

साहेबांनी मोजले, तर दात नव्याइतकेच भरले.

"सहा वर्षं टिकलं? बाई, काम चुकवता की काय?"

"चुकवीन कायले? पाळीत सगळ्यात जास्त भोकं माहीच. पण सोमवारी माहा उपास, तं बिटालेबी गोटा चारत नाही. जुन्या ड्रिलनं भागवते. दात उगवाले उसंत लागते ना, साहेब!"

साहेबांनी फळ्यावर लिहिलं : सोमवारी सगळ्या बिटांना विश्रांती.

"घ्या, हिनं अख्ख्या खाणीले उपास धरवला!" जोडीदार सुखदेव हसला.

देवकाबाईनं हेल्मेट सरळ केलं आणि पहिल्यांदाच साहेबांच्या पुढे होऊन लिफ्टकडे चालू लागली.