हातभर फट

समुद्रानं किनारा खात खात गवंड्याचा उंबरा गाठला, तेव्हा कुठे तिथं पुरुषभर उंच दगडी बंधारा मंजूर झाला. बांधायलाही गवंडी तोच होता. शेवटची हातभर फट बुजवायला तो वाकला, तशी बायकोनं त्याचा हात धरला.

"एवढी राहू द्या हो. आपली पोर घरी कुठून येईल?"

पोर गेल्या पावसाळ्यात याच समुद्रात बुडाली होती. वाळूचे बांध घालायची, थोपटत म्हणायची, "बाबा, समुद्राला घरात घ्यायचं नाही हं!"

"अरे, फट ठेवलीस तर सगळी मेहनत पाण्यात," मुकादम ओरडला. पण गवंड्यानं दगड खाली ठेवला.

सकाळी फट ओल्या वाळूनं गच्च भरलेली होती. बायको रडत रडत ती उकरू लागली.

तशी पलीकडून कुणीतरी ती वाळू घाईघाईनं थोपटू लागलं.