रुखवतातला अणुप्लांट

रुपराव रुखवताच्या टेबलापाशी आले आणि तिथंच थबकले. पोरीच्या लग्नात बापाला श्वास घ्यायला फुरसत नसते, पण समोरचं पाहून त्यांचे पायच निघेनात.

जरीपटका भागातल्या मंगल कार्यालयात मांडलेल्या त्या टेबलावर अनारशांचा मनोरा होता, साखरेची तुळस होती, चिरोट्यांची कमळं होती. मुलीकडच्या बायकांचा सगळा हुन्नर रुखवतात दिसलाच पाहिजे, रीतच आहे ती. आणि मधोमध, पाटावर, रुपरावांच्या थोरल्या बहिणीनं, प्रयागबाईनं, आख्खा अणुप्लांट उभा केला होता. नवरदेव सुमंत समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात इंजिनियर ना, म्हणून! पापडांच्या भिंती, शेवयांच्या तारा, रव्याच्या भल्यामोठ्या लाडूचा घुमट, कुरड्यांची उंच चिमणी, आणि चिमणीतून कापसाचा हा एवढा धूर. बाजूला नव्या जोडप्याचं बिस्किटांचं इवलंसं क्वार्टर. वरून छप्पर उघडं, म्हणजे आतला संसार दिसावा.

"कसा जमला गा, रुपा?" प्रयागबाईनं विचारलं.

रुपरावांनी भुवया आखडून घुमटाकडे पाहिलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. रुपरावांची उभी नोकरी कोळशाच्या वीज केंद्रात गेलेली, बॉयलरवर. अणुवीज हवी का नको, यावर टीव्हीवर जी झोंबाझोंबी चालते, ती साखरपुड्यापासून सासऱ्या-जावयाच्या फोनवर चालली होती. "कोळसा आपल्या पायाखाली आहे. युरेनियम बाहेरून आणा, अन् उद्या त्याईनं नाही देलं तं देश काय अंधारात बसन?" असं रुपराव म्हणायचे. "कोळसाबी बाहेरून येऊन राहिला बाबूजी, अन् पायाखालचा एक दिवस सरन," असं सुमंत म्हणायचा. फोन ठेवला की रुपराव अणुविजेवरचं आणखी एक पुस्तक मागवायचे, पुढच्या भांडणाची तयारी म्हणून.

देशाची काळजी खरी होती, नाही असं नाही. पण खरं दुखणं दुसरंच. पोरगी त्या घुमटाच्या शेजारी राहायला चालली होती. उद्या तिची लेकरं तिथं रांगतील. या विचारानं रुपरावांची झोप उडाली होती आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची बायको गोपिका, तिला न सांगताच कळलं होतं.

तेवढ्यात नवरदेवाकडची मंडळी रुखवत बघायला आली. सुमंतचे मामा भैय्याजी कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "वा! हुबेहूब!"

"काय हुबेहूब?" रुपराव उसळलेच. "साफ चूक आहे हे!"

हॉलच्या त्या कोपऱ्यातल्या सगळ्या माना वळल्या. शालू सावरत आलेल्या नवरीनं, श्वेतानं, कपाळावर हात मारला. आज तरी नको ना, बाबा!

"बाई, हा धूर काहून लावला?"

"अगा, प्लांट म्हटलं का धूर आलाच ना!" प्रयागबाई म्हणाल्या. त्यांचाही जन्म भावासारखा कोळशाच्या केंद्राच्या कॉलनीत गेलेला. "धुराबिना कुठं वीज होते?"

"हा आपला प्लांट नाही, बाई. याच्यात काही जळतच नाही, तं धूर कुठून येईन? चिमणी असते, आतली हवा गाळून सोडाले. धूर नसते!" असं म्हणत रुपरावांनी कापूस उपटून टाकलासुद्धा.

आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं.

मुंडावळ्या बाजूला सारत सुमंत म्हणाला, "बाबूजी, जरा जोरात सांगा ना. वर्षभर मी दुसरं काय सांगून राहिलो?"

खसखस पिकली. गोपिकाबाईंनी तर पदर तोंडात कोंबला.

"चूप बसा, जावईबापू! तुमच्या प्लांटच्या कचऱ्याचं विसरलो नाही मी. हजारो वर्षं कुठं ठेवसान, ते सांगा आधी," रुपराव म्हणाले. पण आवाजात आता धार नव्हती. ते पुन्हा टेबलावर वाकले. एकदा चूक काढायला बसलेला माणूस, तो काय एवढ्यावर थांबतो! बिस्किटांच्या क्वार्टरात भिंतीपासून भिंतीपर्यंत एक दोरा ताणलेला होता. त्यावर चिंधीची साडी, चिंधीचा सदरा आणि एक नखाएवढं झबलं.

"अन् दोरी घरात काहून बांधली?"

"मंग कुठं बांधू?" आता प्रयागबाई खरंच चिडल्या. "बाहेर बांधून कपड्याईले राख खाऊ घालू का?"

कॉलनीतल्या साऱ्या बायकांनी माना डोलावल्या. बरोबरच होतं तिचं. वारा फिरला की केंद्राच्या चिमणीची राख यायची, म्हणून कॉलनीत कपडे घरातच वाळायचे. श्वेताची दुपटी गोपिकाबाईंनी स्वयंपाकघरात, शेगडीच्या उबेला वाळवली होती.

रुपरावांनी हात क्वार्टरात घातला. मग त्यांनी जाड बोटांनी त्याच्या गाठी सोडवल्या. एक टोक क्वार्टरच्या कोपऱ्याला बांधलं, दुसरं बाहेर, कुरड्यांच्या चिमणीला. साडी टाकली. सदरा टाकला. झबलं हातातच राहिलं.

"सुमंत," ते म्हणाले. जावईबापू नाही, नावानं पहिल्यांदाच. "क्वार्टरवर ऊन येते ना?"

"दिवसभर येते, बाबूजी."

रुपरावांनी ते झबलं सवयीनं झटकलं. राख नव्हतीच. मग ते त्यांनी बाहेरच्या दोरीवर वाळत घातलं.