एक मेंढी पुरे

डॉक्टरीणबाईंचं बोट कागदावरून फिरत होतं आणि कासाबाईचा जीव त्या बोटाबरोबर वरखाली होत होता. शेजारी सून बबिता मल्हारला मांडीवर घेऊन बसली होती. नऊ वर्षांचा नातू, पण चार महिन्यांत पाय लुळे पडले, आता नजरही ठरत नव्हती.

“रक्तातली चरबी तपासून आली. माझी शंका खरी निघाली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ही चरबी शरीरात जिरत नाही, साठत जाते. मग मेंदूतल्या नसांवरचं वेष्टण विरत जातं. लक्षणं दिसायच्या आधी कळलं असतं तर इलाज होता. आता फार उशीर झालाय.”

बबितानं पदर तोंडात कोंबला. कासाबाईला मात्र रक्त काढलं तो दिवस आठवला. रक्त द्यायला परभणीला दोन्ही नातवांना घेऊन तीच आली होती. सुई बघून मल्हारनं आकांत मांडला, तेव्हा तिनं त्याच्याच नावावर धाकट्या योगीराजचा हात पुढं केला होता. जनावरांचा डॉक्टर एका मेंढीचं रगत काढून सगळ्या कळपाचा रोग सांगतो, मग सख्ख्या भावाचं काय वेगळं निघणार?

खिडकीबाहेर योगीराज लिंबाच्या फांदीला लोंबकळत खिदळत होता.

“बाई, ते रगत मल्हारचं न्हाई,” कासाबाईनं डॉक्टरीणबाईंचे पाय धरले. “ते भाईर खेळायलाय, त्याचं हाय. त्याला तरी उशीर न्हाई ना झाला?”