दिवाळीला ये

बायकोच्या हृदयातली कॅन्सरची गाठ परत आल्याचं डॉक्टरांनी तातोबाला एकट्याला बसवून सांगितलं. "क्वचित कुणाला होणारी गाठ ही. छाती उघडून दिसली तेवढी काढली होती. आता पुन्हा कापता येणार नाही. त्यांना खरं सांगा. कुणाला भेटायचं असेल तर भेटू देत."

बाहेर बाकावर मालन वाट बघत होती. ती धास्तीनेच खचेल म्हणून, ऑपरेशन व्हॉल्व्हचं होतं असंच त्याने तिला सांगून ठेवलं होतं.

"काय म्हणाले?"

"बरी झालीस म्हणाले."

"मग तोंड असं सुतकी कशाला?" तिने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला, थेट आत गेली आणि डॉक्टरांच्या हातावर पेढा ठेवला. डॉक्टरांनी दारातल्या तातोबाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

घरी येताच तिने बेळगावच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. "छबू, रजा वाया घालवू नकोस. मी ठणठणीत आहे. दिवाळीला ये, निवांत राहा." तातोबा शेजारीच उभा होता. त्याला फोन मागून घेता आला असता. त्याने घेतला नाही.

मालन दसऱ्याआधीच गेली. तेराव्याचं जेवण उरकल्यावर छबू त्याच्याजवळ येऊन बसली. "दाजी, मी निघाले होते. आक्कानेच येऊ नको म्हटलं. माझं काही चुकलं होतं का हो?"

"नाही गं," एवढंच तो बोलला.

छबू बेळगावला परत गेली. तिला खरं काय ते अजून सांगायचं राहिलं आहे.