डाव्या भिंतीतली ओल

पत्रा

तिने शेवटचा स्क्रू काढला आणि कॅराव्हॅनच्या डाव्या अंगाचा पत्रा दोन्ही हातांनी बाहेर ओढला. मागची बाजू कोरडी ठणठणीत.

तिला ती ओली हवी होती. छपराच्या सांध्यातून एखादा ओघळ उतरलेला दिसला असता, तर सांगता आलं असतं की सांधा जुना झाला, कोणाच्याही हातून झालं असतं.

वडील मागे उभे होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या कॅराव्हॅन दुरुस्त केल्या. गिऱ्हाइकं त्यांना वस्ताद म्हणत. वस्तादांनी हात लावलेली गाडी गळत नाही, हे ऐकतच ती मोठी झाली आणि त्यांच्याच वर्कशॉपमध्ये कामाला लागली. आणि आता वस्तादांच्या स्वतःच्या गाडीची भिंत आतून बोटाने दाबली की पावासारखी दबत होती.

दादाने दाबून बघितली होती. मग स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाला होता, "आई गेल्यापासून बाबांचं चित्त थाऱ्यावर नाही. स्वतःची गाडी कुजली तरी कळलं नाही यांना. उद्या गिऱ्हाइकाची कुजवतील. वर्कशॉपच्या किल्ल्या काढून घे आता."

"मी?"

"माझं ऐकतात का ते कधी?"

आधी भिंत उघडते, मग बघू, असं तिने सांगितलं होतं.

थर्माकोल

बाहेरच्या अंगाने कोरडा. उलटा केला तर थेंब.

"राहू दे गं," वडील म्हणाले. "मी करतो सावकाश."

"सावकाश म्हणजे कधी? गाडीला झाडं फुटल्यावर?"

"अगदी आईसारखी टोचायला लागलीस."

तिने थर्माकोलचा पुढचा तुकडा उपसला. शेवटची थंडी आईबाबांनी या गाडीतच काढली होती, दूर तळ्याकाठी, मुलांचं काही न ऐकता. डॉक्टरांच्या हातात काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनीही अडवलं नाही. परत आले आणि पंधरवड्यात आई गेली. तिकडे काय झालं, कसे राहिले, वडील काही बोलले नव्हते. विचारलं की म्हणत, छान होतं.

लाकूड

चौकटीच्या पट्ट्या. बाहेरची कड पिवळी, आतली काळी. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला.

छपराखालची पट्टी शाबूत. खिडकीखालची शाबूत. काळी पडली होती ती फक्त पलंगाच्या बाजूची, उशीच्या उंचीवर. पाणी वरून खाली येतं. हे मधूनच सुरू झालं होतं.

प्लाय

प्लाय म्हणायचं, एवढंच. वरच्या फुलाफुलांच्या कागदाने तेवढं धरून ठेवलं होतं.

आत

ती पायरी चढून आत गेली. पलंगावर उभी राहिली आणि छताकडे बघितलं.

हवेची झडप बंद होती. नुसती बंद नाही, वरून रुपेरी चिकटपट्टी लावलेली. दारापाशी खाली दुसरी झडप, तिलाही पट्टी. कडा अंगठ्याने दाबून बसवलेल्या, एक सुरकुती नाही.

वर्कशॉपमधून गाडी नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वस्ताद किल्लीबरोबर एकच गोष्ट देत. झोपताना झडप बंद करायची नाही. थंडी वाजली तर आणखी एक पांघरूण घ्या, बायकोशी भांडा, पण झडप उघडी. माणसाच्या श्वासाचंच पाणी होतं आणि गुपचूप भिंतीत मुरतं. लहानपणी तिने झडपेत मोजा कोंबला होता. वडिलांच्या हातचा तिने खाल्लेला एकमेव धपाटा तो.

"बाबा, या झडपा कोणी बंद केल्या?"

"मी."

दादाचं खरं होतं तर. एवढीही गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली होती. किल्ल्यांबद्दल कसं बोलायचं, याची ती मनात जुळवाजुळव करू लागली.

वडील वर आले. पलंगाच्या अलीकडच्या कडेला बसले, भिंतीकडची जागा मोकळी सोडून.

"कोरडी हवा छातीत गेली की तुझ्या आईचा खोकला थांबायचा नाही," ते म्हणाले. "बसून राहायची बिचारी. मग मी विजेच्या शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवायला लागलो. पण वाफ वरून निघून जायची. झडपा बुजवल्या, त्या रात्री झोपली. सलग झोपली गं. सकाळी मलाच ओरडली, उठवलं का नाही म्हणून."

"म्हणजे रोज?"

"रोज. पाणी संपलं की परत भरायचो."

ती खाली बसली. दोघांमधली जागा तशीच मोकळी राहिली.

"भिंत ओल धरतेय, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की. पहिल्याच आठवड्यात दिसलं. ती झोपली की हात फिरवून बघायचो, कुठवर आली ते."

"आणि तरी?"

वडिलांनी कुजलेल्या प्लायचा एक तुकडा काढला, बोटांत चुरला आणि हात झटकला.

"भिंत मला बदलता येते, पोरी."